‘लेकरू’ आणि ‘नपुंसक’ : मराठीतील लिंगविचार आणि आंतरलिंगी देहाचे वाचन

१

मराठी व्याकरण तीन लिंगे मानते. मराठी समाजव्यवहार दोनच मानतो. हिंदीने नपुंसकलिंग टाकून दिले, मराठीने ते राखले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ मधील व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ मधील ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत आणि तेथून आजच्या शालेय पुस्तकापर्यंत ही त्रिविध व्यवस्था निर्वेधपणे चालत आली आहे. मात्र ज्या व्यक्तीचा देह जन्मतःच स्त्री अथवा पुरुष या रूढ वर्णनांपैकी कोणत्याही एकात पुरता सामावत नाही, तिच्याविषयी बोलण्याचा प्रसंग आला की तीच भाषा अडखळते. ती कुजबुजते, शिवी देते किंवा पुराणकथेचा आश्रय घेते. व्याकरणात जागा असावी आणि व्यवहारात ती नसावी, ही विसंगती केवळ समाजशास्त्राचा विषय नाही. ती शब्दांची, रूपकांची आणि वाचनपद्धतीची समस्या आहे. म्हणून समीक्षेचीही आहे.

प्रथम संज्ञेविषयी. गुणसूत्रे, जननग्रंथी, संप्रेरके आणि जननेंद्रियांची रचना यांपैकी एक वा अधिक घटक ठरावीक स्त्री-पुरुष नमुन्यांशी जुळत नाहीत, अशा जन्मजात शरीरवैविध्यासाठी इंग्रजीत ‘इंटरसेक्स’ हा शब्द रूढ आहे. पुण्याच्या समपथिक ट्रस्टचे बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर मराठीत लिहिताना हाच शब्द देवनागरीत ठेवला. ‘उभयलिंगी’ हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे. पण तो तीन ठिकाणी तीन अर्थांनी वावरतो. परभणीच्या कृषी विद्यापीठातील वर्गात कापसाचे अथवा तुरीचे फूल उभयलिंगी आहे असे सांगताना कोणाचाही आवाज खाली जात नाही. लैंगिकतेच्या चर्चेत हाच शब्द स्त्री आणि पुरुष या दोहोंविषयी आकर्षण असणाऱ्या व्यक्तीसाठी योजला जातो. वृत्तपत्रांत तो कधी आंतरलिंगी बालकासाठी येतो. ‘तृतीयपंथी’ हा शब्द तर देहाचा निर्देश करीतच नाही. तो गुरू-चेला परंपरेने बांधलेल्या एका समूहाचा निर्देश करतो. त्या समूहातील अनेकजण आंतरलिंगी नसतात आणि बहुसंख्य आंतरलिंगी माणसे त्या समूहात नसतात. ती कुठेतरी कोणाची मुलगी, कोणाचा भाऊ, कोणाची शिक्षिका म्हणून जगत असतात. प्रस्तुत लेखात ‘आंतरलिंगी’ हा शब्द योजला आहे. तो निर्दोष आहे असा दावा नाही; त्याच्यावर अद्याप शिवीचा वा दैवतकथेचा थर चढलेला नाही, इतकेच त्याचे श्रेय.

अशी माणसे किती, हा प्रश्न हटकून विचारला जातो. अ‍ॅन फॉस्टो-स्टर्लिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये दर शंभर जन्मांमागे सुमारे १.७ असा अंदाज मांडला. लेनर्ड सॅक्स यांनी २००२ मध्ये व्याख्या आकुंचित करून तो ०.०१८ वर आणला. देह बदलले नव्हते. कोणत्या देहाला ‘वेगळा’ म्हणायचे याचा निकष बदलला होता. म्हणजे येथे आकडासुद्धा वाचनानंतर येतो. आंतरलिंगी देह ही आपल्यासमोर ठेवलेली एक संहिता आहे, आणि आपण तिचे वाचन कसे करतो हा या लेखाचा विषय आहे. मराठीत हे वाचन मुख्यतः शिवी, रूपक आणि निदान या तीन रीतींनी झाले आहे. या तिन्हींत त्या माणसाचे स्वतःचे बोलणे मात्र न वाचता राहून गेले, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

२

शब्दाचे लिंग आणि देहाचे लिंग यांची गल्लत आपली परंपरा पहिल्यापासून करीत आली आहे, असा एक समज आहे. तो खरा नाही. पाणिनीच्या ‘स्त्रियाम्’ या सूत्रावरील महाभाष्यात पतंजलीने लिंगाची देहनिष्ठ व्याख्या विचारार्थ घेतली आहे. शरीरावरील अमुक खुणा असतील तर स्त्री, अमुक असतील तर पुरुष आणि त्या दोहोंच्या अंतरात जे राहते ते नपुंसक, असा तिचा आशय. ही व्याख्या मांडून तो लगेच तिच्यावर आक्षेप घेतो. खट्वा म्हणजे खाट स्त्रीलिंगी आणि वृक्ष पुल्लिंगी का, याचा उलगडा अशा खुणांवरून होत नाही. व्याकरणातील लिंग ही भाषेची व्यवस्था आहे आणि ती देहावरून वाचता येत नाही, हा विवेक दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे.

मराठीतील नपुंसकलिंगाचे स्वरूप याहूनही बोलके आहे. वासरू, कोकरू, करडू, शिंगरू, पाखरू, पिल्लू. आणि माणसांत मूल, बाळ, पोर, लेकरू. जे लहान आहे, जपण्यासारखे आहे आणि ज्याचे पुढे काय होणार हे अजून ठरलेले नाही, त्यासाठी मराठीने नपुंसकलिंग राखून ठेवले आहे. मराठवाड्यात ‘लेकरू’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. बाळंतिणीची चौकशी ‘लेकरू कसं आहे?’ अशी होते. तो की ती हा प्रश्न त्यानंतरचा. भिन्नलिंगी व्यक्तींचा एकत्र उल्लेख करतानाही मराठी नपुंसकलिंगाकडे वळते. ‘नवराबायको आली’, ‘माणसं जमली’ या वाक्यांतील ‘आली’ व ‘जमली’ ही नपुंसकलिंगी अनेकवचने आहेत. नपुंसकलिंग म्हणजे अभाव, उणेपणा, हा अर्थ संस्कृत संज्ञेच्या घडणीतून येतो. मराठीच्या प्रत्यक्ष वापरात मात्र ते समावेशाचे आणि वात्सल्याचे लिंग आहे.

यावरून ‘मराठी भाषा मूलतः उदार आहे’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे, कारण हेच नपुंसकलिंग प्रौढ व्यक्तीला लावले की त्याचा अर्थ उलटतो. ‘आलं ते ध्यान’, ‘ते सोंग कुठं गेलं?’ या प्रयोगांत ‘ते’ हे सर्वनाम माणसाला वस्तूच्या पातळीवर आणते. म्हणजे मराठीत नपुंसकलिंगाची माया बाल्यापुरती आहे. लेकरू मोठे झाले की भाषा त्याच्याकडे ‘तो’ किंवा ‘ती’ यांपैकी एकाची मागणी करते आणि उत्तर न मिळाल्यास त्याला ‘ते’ म्हणून हिणवते. आंतरलिंगी व्यक्तीच्या आयुष्यातील पेच भाषेतील या वळणावर नेमका दिसतो.

३

‘नपुंसक’ हा व्याकरणातील शब्द शिवी कसा झाला? त्याच्या शेजारी ‘क्लीब’ आणि ‘षंढ’ हे शब्द ठेवून पाहिले की उत्तर सापडते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात जन्मजात लैंगिक वैविध्याचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांची कारणमीमांसा आज टिकणारी नाही, परंतु वर्गीकरणाचा सूर वैद्यकीय आहे. त्यात निंदेपेक्षा कुतूहल अधिक आहे. धर्मशास्त्रात सूर पालटतो. याज्ञवल्क्यस्मृतीच्या दायविभागात क्लीबाला वारसाहक्क नाही, फक्त पोटगीचा अधिकार आहे. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेनेही ही व्यवस्था पुढे चालवली. पोसावे, पण वाटा देऊ नये, हा तो न्याय. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने रोग, दोष वा व्यंग या कारणांवरून वारसा नाकारणे बंद केले. कायद्यातून गेलेला हा न्याय भाषेत मात्र राहिला. ‘नपुंसक’ म्हणजे ज्याला वाटा मागण्याचा अधिकार नाही असा, हा अर्थ आजही त्या शब्दाच्या तळाशी आहे.

राजकीय भाषेत तो उघडपणे वावरतो. महाराष्ट्रातील द्वेषपूर्ण भाषणांच्या प्रकरणात २९ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यसंस्थेच्या निष्क्रियतेवर ताशेरे ओढले, तेव्हा न्यायालयाच्या इंग्रजी शब्दासाठी मराठी वृत्तपत्रांनी ‘नपुंसक’ हा प्रतिशब्द छापला. त्यानंतर अनेक दिवस त्या शब्दावरून राजकीय वाद झाला. सरकारचा अपमान झाला का, एवढीच त्या वादाची मर्यादा राहिली. दुबळेपणाचे उपमान म्हणून कोणत्या माणसांना उभे केले जात आहे, हा प्रश्न त्यात कोठेच नव्हता.

साहित्यव्यवहार याबाबतीत राजकारणाहून निराळा नाही. प्रस्थापितांच्या निष्क्रियतेवर आघात करताना आपल्या विद्रोही कवितेने ‘षंढ’ हा शब्द मुबलक वापरला. समीक्षेनेही सपक, बोटचेप्या लेखनाला ‘नपुंसक’ म्हटले. वर्णाच्या आणि जातीच्या नावांनी दिलेल्या शिव्या ज्या लेखनाने मोडून काढल्या, त्याच लेखनात ही शिवी निर्धोक राहिली, याचे कारण तपासण्यासारखे आहे. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर उपमेयावर टीका करताना उपमान हे निर्जीव आहे असे आपण गृहीत धरतो. ‘षंढ’ हे उपमान एखाद्या वाचकाचे स्वतःचे वर्णन असू शकेल, तो वाचक आपल्या वर्गात बसलेला असू शकेल, ही शक्यता कवीच्या आणि समीक्षकाच्या मनात आलेली नसते. ज्या शब्दाचा वाहक वाचकवर्गात नाही असे आपण मानतो, तो शब्द आपल्याला रूपक वाटतो. ज्याचा वाहक समोर आहे हे आपल्याला ठाऊक असते, तो शब्द आपल्याला अपशब्द वाटतो. मुद्दा शब्दांच्या शुचितेचा नाही. वाचक म्हणून आपण कोणाची कल्पना करतो, याचा आहे.

४

शिवीहून सूक्ष्म असा दुसरा धोका गौरवाचा आहे. आंतरलिंगी माणसाविषयी सहानुभूतीने लिहिणारा मराठी लेखक पहिल्या दोन परिच्छेदांतच अर्धनारीनटेश्वरापाशी पोहोचतो. मग बृहन्नडा येते, शिखंडी येतो आणि वारकरी परंपरेतील ‘विठाई माउली’ येते. या दाखल्यांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण त्यांच्याकडून आपण कोणते काम करवून घेतो, हे पाहिले पाहिजे.

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड ही जनाबाईंची जन्मभूमी. त्यांच्या नावावरील एका सर्वपरिचित अभंगात विठ्ठलाला ‘लेकुरवाळा’ म्हटले आहे. हा शब्द व्याकरणदृष्ट्या विलक्षण आहे. एरवी तो ‘लेकुरवाळी’ असाच, स्त्रीलिंगात आढळतो. अंगाखांद्यावर मुले वागवणे हे बाईचे लक्षण मानले गेल्याने त्याचे पुल्लिंगी रूप करण्याची गरज भाषेला सहसा पडलेली नाही. अभंगाने हे रूप केले. ‘लेकरू’ हे नपुंसकलिंगी, ‘लेकुरवाळी’ हे स्त्रीलिंगी आणि ‘लेकुरवाळा’ हे पुल्लिंगी: एका शब्दात मराठीची तिन्ही लिंगे एकमेकांत मिसळली आहेत. जिला घर, जात आणि नवरा यांपैकी कशाचाही आधार नव्हता, त्या दासीने देवाला आईचे काम सांगितले आणि त्यासाठी व्याकरण वळवले. स्त्रीवादी समीक्षेने जनाबाईंचे वाचन केले त्यात या वळवण्याला महत्त्व आहे, आणि ते योग्यच आहे.

परंतु यातून ‘आमच्या संतपरंपरेने लिंगभेद केव्हाच ओलांडला होता’ असे विधान करणे ही उडी आहे. जनाबाई देवाच्या लिंगाविषयी बोलतात. गंगाखेडच्या एखाद्या घरात जन्मलेल्या, आंतरलिंगी देहाच्या लेकराविषयी तो अभंग काही सांगत नाही. देवाला जे शोभते ते माणसाला चालत नाही, हा तर आपल्या सामाजिक व्यवहाराचा जुना नियम आहे. अर्धनारीनटेश्वरापुढे हात जोडणाऱ्या घरातच अशा बालकाचा जन्म लपवला जातो. रूपकाची प्रतिष्ठा आणि देहाची अप्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुखाने नांदू शकतात. इतकेच नव्हे, तर पहिलीमुळे दुसरी झाकली जाते.

पाश्चात्त्य सिद्धान्तनातही हा पेच उद्भवला आहे. १८३८ मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेल्या एर्क्युलिन बार्बँ या व्यक्तीला मुलगी म्हणून वाढवण्यात आले. ती शिक्षिका झाली. १८६० मध्ये न्यायालयाने तिची नोंद पुरुष अशी बदलली आणि १८६८ मध्ये पॅरिसमध्ये तिने आत्महत्या केली. मागे राहिलेले तिचे आत्मकथन मिशेल फुको यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. प्रत्येक देहाला एकच एक ‘खरे’ लिंग असलेच पाहिजे, हा आग्रह आधुनिक वैद्यक आणि कायदा यांनी कसा घडवला, हे दाखवणे हा त्यांचा हेतू होता. पण मुलींच्या मठशाळेतील बार्बँचे दिवस फुकोंना जणू लिंगनिश्चितीच्या पलीकडचे, मुक्त आनंदाचे वाटले. जूडिथ बटलर यांनी १९९० मध्ये या वाचनावर बोट ठेवले. ते दिवसही नियमांच्या आणि निषेधांच्या आतच जगले गेले होते, आणि फुको ज्या स्वच्छंदतावादावर एरवी टीका करतात त्यालाच ते येथे बळी पडतात, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. ज्याने सत्तेचे विश्लेषण शिकवले, त्याच विचारवंताला आंतरलिंगी देहासमोर रूपकाचा मोह आवरला नाही, ही गोष्ट आपल्यासारख्या नवशिक्या वाचकांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

हा मोह म्हणजे ‘तिसरेपणा’चा मोह. द्वंद्वात्मक विरोध मोडणारे काहीतरी सिद्धान्ताला हवे असते आणि आंतरलिंगी माणूस त्याला आयता सापडतो. पण त्या माणसाला स्वतःला तिसरे व्हायचे आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. जगातील बहुसंख्य आंतरलिंगी व्यक्ती स्वतःला साधेपणाने स्त्री किंवा पुरुष म्हणवतात. त्यांच्याकडून द्विलिंगी व्यवस्था मोडण्याचे काम करवून घेणे ही देखील एक सक्तीच आहे. फक्त तिची भाषा पुरोगामी आहे.

५

आता महाराष्ट्रातील दोन प्रकरणे पाहू.

पहिले परभणीच्या शेजारचे. पाथरी तालुक्याला लागून असलेल्या, बीड जिल्ह्यातील माजलगाव येथील पोलीस शिपाई ललित साळवे यांची जन्मतः नोंद मुलगी अशी झाली होती आणि महिला शिपाई म्हणून त्यांनी नोकरी केली. वैद्यकीय तपासणीत वाय गुणसूत्र आढळल्यानंतर त्यांनी २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. महिला म्हणून झालेली भरती आणि पुरुष शिपायासाठीचे निकष वेगळे, या कारणावरून ती आधी नाकारण्यात आली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. पुढे शासनाने अनुमती दिली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. वृत्तपत्रांनी याचे वर्णन ‘लिंगबदल’ असे केले. या शब्दातील ‘बदल’ या पदाकडे समीक्षकाने थांबून पाहिले पाहिजे. ‘बदल’ म्हणताना पहिली नोंद बरोबर होती आणि नंतर वस्तुस्थिती पालटली असे गृहीत धरले जाते. साळवे यांचे स्वतःचे म्हणणे याच्या उलट होते. आपण मुळात पुरुष आहोत असे ते सांगत होते. म्हणजे चूक पहिल्या वाचनाची होती. तरी दुरुस्तीचा सगळा भार वाचल्या गेलेल्यावर पडला, वाचणाऱ्यावर नाही.

दुसरे प्रकरण नाशिकचे. नाशिक ग्रामीण पोलीस दलाच्या २०१८ च्या भरतीत एका तरुणीने अनुसूचित जातीच्या प्रवर्गातून अर्ज केला. लेखी परीक्षा आणि शारीरिक चाचणी या दोन्हींत ती यशस्वी झाली. वैद्यकीय तपासणीत तिला गर्भाशय नसल्याचे आढळले आणि गुणसूत्रांच्या चाचणीनंतर ती ‘पुरुष’ ठरवली गेली. तिला स्वतःला याची पूर्वकल्पना नव्हती. जन्मापासूनचे तिचे सर्व दाखले आणि सारे आयुष्य मुलीचे होते. ती उच्च न्यायालयात गेली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती माधव जामदार यांच्या खंडपीठाने यात तिचा कोणताही दोष नसल्याचे नमूद केले. शासनानेही सहानुभूतीची भूमिका घेऊन तिला शिपाई संवर्गाबाहेरील पदावर नेमण्याची तयारी दर्शवली.

दोन्ही प्रकरणांत वाय गुणसूत्राचा पुरावा आहे. एका प्रकरणात तो व्यक्तीच्या स्वतःविषयीच्या कथनाला पुष्टी देतो, दुसऱ्यात तो ते कथन खोडून काढण्यासाठी वापरला जातो. एकच चिन्ह, दोन विरुद्ध अन्वयार्थ. यातून एक निष्कर्ष अटळ आहे: गुणसूत्र स्वतः बोलत नाही, त्याला बोलते केले जाते. माजलगावचा शिपाई पुरुष आहे, कारण तो तसे जगतो आणि तसे सांगतो. नाशिकची उमेदवार स्त्री आहे, नेमक्या त्याच कारणाने. या दोघांनाही ‘तिसरे’ म्हणणारे वाचन दोघांवर अन्याय करते. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने ‘ट्रान्सजेंडर’ या संज्ञेच्या व्याख्येतच आंतरलिंगी व्यक्तींचा समावेश केला. संरक्षणाच्या दृष्टीने त्याचा काही लाभ असेल. परंतु वर्गीकरण म्हणून ती गल्लत आहे, आणि तिची मुळे ‘जे दोहोंत बसत नाही ते सगळे एकच’ या जुन्या नपुंसक-संकल्पनेत आहेत.

येथे पुन्हा व्याकरणाकडे वळणे उपयुक्त ठरेल. मराठीत प्रथमपुरुषी सर्वनामाला लिंग नाही, ‘मी’ सर्वांचा. लिंग उघड होते ते क्रियापदात, आणि तेही सर्वत्र नाही. कर्तरी प्रयोगात ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’, ‘मी राहतो’ किंवा ‘मी राहते’ यांतून निवड केल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. कर्मणी प्रयोगात मात्र क्रियापद कर्माच्या लिंगावचनानुसार चालते. ‘मी अर्ज भरला’, ‘मी परीक्षा दिली’, ‘मी मैदान गाठले’ या वाक्यांत बोलणारा कोण हे भाषा विचारीत नाही. ‘मी शिकलो’, ‘मी विसरले’ असे अपवाद आहेत. पण सामान्यतः भूतकाळातील सकर्मक क्रियापदे कर्त्याचे लिंग झाकतात. थोडक्यात, एखाद्याने काय केले हे सांगताना मराठीला त्याच्या देहाची चौकशी करावी लागत नाही. नाशिकच्या उमेदवाराची कथा हाच भेद दाखवते. तिने जे केले त्यात ती उत्तीर्ण झाली, आणि काय केले या प्रश्नाच्या जागी ‘तू कोण?’ हा प्रश्न आला तेव्हा तिला थांबवण्यात आले.

याचा आत्मकथनाच्या समीक्षेशी थेट संबंध आहे. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या २०१२ च्या आत्मकथनानंतर मराठीत पारलिंगी अनुभवाचे लेखन वाचण्याची काहीशी सवय आपल्याला झाली. त्या लेखनात क्रियापदाचे लिंग ही निवडीची, प्रसंगी विजयाची खूण असते. आंतरलिंगी व्यक्तीच्या कथनात ती तशी असेलच असे नाही. बार्बँच्या फ्रेंच संहितेत लेखिकेने स्वतःसाठी कधी स्त्रीलिंगी तर कधी पुल्लिंगी रूपे वापरली आहेत. उद्या असे मराठी हस्तलिखित एखाद्या संपादकाच्या हाती आले, तर ‘शुद्धलेखन’ म्हणून तो ही रूपे एकसारखी करून टाकील का? तशी दुरुस्ती करणे म्हणजे लेखणीने केलेली शस्त्रक्रिया होय.

६

शस्त्रक्रियेचा उल्लेख केवळ उपमेपुरता नाही. १९५० च्या दशकात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जॉन मनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत रूढ केली. बालकाचे लिंग लवकर ठरवावे, शस्त्रक्रियेने देह त्या निर्णयाशी जुळवून घ्यावा आणि मोठेपणीही शंका येऊ देऊ नये, असे तिचे स्वरूप होते. ही पद्धत जगभर पसरली. १९९३ मध्ये शेरिल चेस यांनी अमेरिकेत आंतरलिंगी व्यक्तींची संघटना स्थापन केली, तेव्हा लहानपणी अशा शस्त्रक्रिया झालेली माणसे प्रथमच एकत्र येऊन बोलू लागली. संवेदना हरवल्याची, वारंवारच्या शस्त्रक्रियांची आणि घरातील मौनाची ती साक्ष होती. भारतात मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी २२ एप्रिल २०१९ च्या निकालात अशा शस्त्रक्रियांना बंदी घालण्याचे निर्देश दिले, आणि त्याच वर्षी तमिळनाडू शासनाने जीवाला धोका असलेले प्रसंग वगळून तसा आदेश काढला.

हा अपवाद नीट समजून घेतला पाहिजे. अधिवृक्क ग्रंथीच्या एका जन्मजात विकारात मुलीच्या बाह्य जननेंद्रियांची रचना वेगळी दिसते. त्याच विकाराच्या तीव्र प्रकारात शरीरातील मीठ वेगाने कमी होऊन पहिल्या काही आठवड्यांतच बाळ दगावू शकते. येथे उपचार तातडीचे असतात, आणि ते औषधांचे असतात. तातडीने वाचवायचा असतो तो जीव. जननेंद्रियांचे रूप थांबू शकते. व्यवहारात मात्र अनेकदा उलट घडते. लाजेपोटी घर बाळाला दवाखान्यात नेण्यास उशीर करते, आणि नेल्यावर घाई होते ती दिसण्याच्या दुरुस्तीची. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते आणि नोंदीच्या कागदावर लिंगाचा रकाना असतो. हा रकाना भरता येतो, पुढे दुरुस्तही करता येतो. देहावर केलेली नोंद तशी पुसता येत नाही. एवढा भेद परिचारिकेला, आशा कार्यकर्तीला आणि घरातील आजीला ठाऊक असला तरी एका माणसाचे आयुष्य वेगळे होऊ शकते.

साहित्याच्या अभ्यासकाने यात काय करावे? वैद्यक त्याचे क्षेत्र नाही, भाषा आहे. पहिली गोष्ट, ‘नपुंसक’ आणि ‘षंढ’ हे शब्द मूल्यमापनाच्या परिभाषेतून काढून टाकावेत. दुबळ्या लेखनाला दुबळे म्हणावे, भ्याड लेखनाला भ्याड. दुसरी, आंतरलिंगी पात्र अथवा व्यक्ती समोर आली की अर्धनारीनटेश्वराकडे धाव घेण्यापूर्वी ती व्यक्ती स्वतःविषयी काय सांगते, कोणत्या क्रियापदात सांगते, हे वाचावे. तिसरी, पदव्युत्तर वर्गात लिंगविचार शिकवताना व्याकरणातील लिंग, देहाचे लिंग, सामाजिक लिंगभाव आणि लैंगिक आकर्षण या चार गोष्टी वेगळ्या करून शिकवाव्यात. मराठवाड्यातील महाविद्यालयांत दरवर्षी शेकडो विद्यार्थी मराठी विषय घेऊन शिक्षक होतात आणि वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत जातात. ज्या मुलीला सोळाव्या वर्षीही पाळी आलेली नाही, ज्या मुलाची वर्गात टिंगल होते, त्याच्या आयुष्यात घराबाहेरचा पहिला जाणता माणूस बहुधा असा एखादा भाषेचा शिक्षक असतो. त्याच्या तोंडी त्या क्षणी कोणता शब्द येईल, हे आपण त्याला काय शिकवले यावर अवलंबून आहे.

मराठीने ‘लेकरू’ या शब्दात एक सवड राखून ठेवली आहे. तो की ती हे ठरण्याआधीचा, केवळ जपण्याचा काळ या शब्दात आहे. ती सवड शस्त्रक्रियागृहात आणि नोंदवहीत मिळावी, ही आजची मागणी आहे. लेकरू मोठे झाल्यावर आपण कोण हे त्याने स्वतः सांगावे, आणि ते सांगेपर्यंत आपण धीर धरावा. त्याने ‘मी आलो’ म्हटले तर आलो, ‘मी आले’ म्हटले तर आले. आणि त्याला यांपैकी काहीच म्हणायचे नसेल, तर ‘मी आहे’ या वाक्यात मराठीने कोणालाही लिंग विचारलेले नाही.